चार वेळा चुकलेला अणू

मी जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही, मित्रांनो. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या या शाळेत आजवर कुणालाच वाटलेलं नाही, तेव्हा तुम्हाला वाटलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही. ऐका मात्र नीट, कारण आज मला जरा घाई आहे.

मी एक जुना अणू आहे.

तुमच्या नखाच्या टोकावर कोट्यवधी मावतात, तसला नव्हे. मी चांगला सोललेल्या नारळाएवढा आहे, लाकडाचा आहे. मला मधोमध बिजागरी आहे आणि पितळेची कडी आहे. कडी काढली की मी डब्यासारखा उघडतो. माझ्या बुडाशी पत्र्याची एक पट्टी आहे आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात एकच शब्द आहे : अणू. या एका शब्दापायी आज सकाळी माझ्यावर काय गुदरलं ते पुढे सांगतो. उद्या शाळेत विज्ञान प्रदर्शन, आणि आज सकाळी भंगारवाल्याला बोलावणं! पण काळजी करू नका. भंगारात गेले ते बाकीचे. मी सुखरूप आहे. प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात, पहिल्या फळीवर, ऐटीत बसून मी हे सांगतो आहे.

“आवाज दबूनदबून येऊलाला,” श्रीवत्स म्हणाला.

काचेमुळे, बाळा. डबा खा.

हे दोघे माझे आजचे श्रोते. मधल्या सुट्टीत दहीभाताचे डबे घेऊन माझ्या अगदी जवळ येऊन बसलेत. ऊर्मीचे वडील रणगाड्यांच्या कारखान्यात आहेत, साताऱ्याकडून बदलून आलेले. श्रीवत्सचं घराणं तंजावूरचं. त्याच्या घरचं मराठी ऐकलं की ऊर्मीला हसू येतं आणि ऊर्मीचं ऐकलं की त्याला. भांडण अगदी हातघाईवर आलं की दोघंही तमिळमध्ये भांडतात.

तर माझा जन्म इंग्लंडातला. एका मोठ्या विद्वानाच्या टेबलावर मी कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असे. विद्वान दिवसभर विचार करी की पदार्थ फोडत गेलो, फोडत गेलो, तर शेवटी काय उरेल? एके दिवशी त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो ओरडला, “हेच उरेल!” पुढे मी जहाजानं मद्रास बंदरात उतरलो. धक्क्यावर तुतारी—

“तुझ्या बुडाला भोक आहे,” ऊर्मी मधेच म्हणाली. “त्यात गंजका स्क्रू पण आहे. मी मागच्या वर्षीच बघितलाय. पेपरवेटला स्क्रू कशाला?”

बरं. थोडी दुरुस्ती करतो. पुरावा पुढे आला की नमुना बदलावा लागतो, हा आमच्या घराण्याचा नियमच आहे. मी जहाजानं आलो नाही. मी जहाजाचाच होतो. डोलकाठीच्या टोकावर—

“डोलकाठी काय की? ताता मज सांगितले, तूं जिन्यावरला,” श्रीवत्स भात गिळत म्हणाला.

घ्या. याचे ताता, म्हणजे आजोबा, म्हणजेच आमचे बालाजीराव सर. त्यांच्यापुढे माझं काय चालणार? हो, मी जिन्यावरचा. मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत बिनलग्नाच्या नोकरदारांची एक मॅन्शन होती, तिच्या जिन्याच्या कठड्यावरचा गोळा. वर जाणारा प्रत्येक जण माझ्यावर हात टेकी आणि खाली येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी निघून येई. एक दिवस मी विज्ञानाच्या तरुण मास्तरांच्या हातात निघून आलो. मॅन्शनचा मालक इतका वैतागलेला होता की म्हणाला, “नीन्गळे वेच्चुक्कोंगो सार.” तुम्हीच ठेवून घ्या! मास्तरांनी मला धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि आवडीच्या गाडीत मांडीवर घेऊन बसले. तेच बालाजीराव. त्या मांडीवर मी अणू झालो. हे खरं आहे. हे मी बदलणार नाही.

पहिल्या वर्षी त्यांनी मला गुळगुळीत घासून लाल रंग दिला आणि वर्गात टेबलावर दणकन आपटलं. “हा डाल्टनचा अणू! याचे तुकडे होत नाहीत. लोखंडाचे सगळे अणू एकसारखे, सोन्याचे सगळे एकसारखे. कोण फोडूं शकेल? या!” पोरांनी मला चावून पाहिलं, कंपासचं टोक खुपसून पाहिलं. मी हललो नाही. मित्रांनो, तेवढाच काळ मी स्वस्थ होतो. आपण पूर्ण आहोत, अखंड आहोत, आता आपल्यात काही बदलायचं नाही, असं वाटण्यात काय सुख असतं म्हणून सांगू! ते मला पुन्हा मिळालं नाही.

पुढच्याच पाठाला सर हातानं फिरवायचा गिरमिट घेऊन आले. म्हणाले, “चुकलें. आंत काही आहे.” काचेच्या नळीत विजेचा प्रवाह सोडताना कुणाला तरी अणूहूनही कितीतरी हलका कण सापडला होता म्हणे, इलेक्ट्रॉन. म्हणजे अणू अखंड नाही. झालं! सरांनी माझ्या अंगभर खळगे पाडले आणि एकेका खळग्यात डिंक लावून एकेक काळा मणी बसवला. पुस्तकात लिहिलं होतं की हा थॉमसनचा नमुना मनुका घातलेल्या पुडिंगसारखा आहे. आता आवडीत कुणी पाहिलंय ते पुडिंग? एका मुलानं परीक्षेत लिहिलं की अणू दुधात शिजवतात. सर म्हणाले, “पुडिंग सोडा रे. रवालाडू! रवा तो धन, बेदाणे ते ऋण.” वर्गाला लख्ख कळलं. इतकं कळलं की मागच्या बाकावरच्या एकानं सर पाठमोरे असताना मला चाटलं.

मी त्या मण्यांना सरावतो न सरावतो तोच करवत आली.

मित्रांनो, करवत काय असते ते जिन्याच्या कठड्याला विचारा. मला मधून कापलं. सुताराकडून दोन्ही अर्धे आतून पोखरून आणले, बिजागरी लावली, मणी उपटून काढले आणि आत मधोमध दोऱ्यानं एक छर्रा लटकवला, सायकलच्या चाकात असतो तेवढा. बाकी सगळी पोकळी. मी विचारायचा प्रयत्न केला, माझं एवढं लाकूड गेलं कुठे? सर पोरांना सांगत होते, “लाडूही चुकला! सोन्याच्या पातळ वर्खावर धन कण सोडले. लाडू असता तर सगळे सरळ पार जायचे. पुष्कळसे गेलेही. पण थोडके उलट आले! उलट! कां?”

कां ते सांगून पटणार नाही, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी मला उघडून खिडकीत टांगलं, छर्ऱ्यामागे बुडाशी लहानशी उशी लावली, पोरांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले आणि हातात चिंचोके दिले. “फेका. आणि कानांनी पाहा.” चिंचोके माझ्या पोकळीतून उशीवर पडत. धप्. धप्. धप्. कंटाळा येईल इतके धप्. आणि मग एकदम टण्ण! छर्ऱ्याला लागलेला चिंचोका उलट फिरला आणि थेट सरांच्या कपाळावर बसला. सर कपाळ चोळत नाचायला लागले. “कळलें? मधे लहानसें, घट्ट असें काही आहे. बाकी रिकामें!” त्या खेळाला नाव पडलं रदरफोर्डचा चिंचोका. अजून दर प्रदर्शनाला सर येतात आणि तो खेळ होतो.

पण माझं काय झालं असेल त्याचा विचार करा. मी नारळाएवढा, आणि त्यातला खरा मी म्हणजे एक छर्रा! सर तर पुढे म्हणाले की छर्राही फार मोठा झाला. शाळेच्या मैदानाच्या मधोमध मोहरीचा दाणा ठेवला तर इलेक्ट्रॉन फाटकाच्या आसपास हिंडत असेल, आणि मधे काही नाही. काही म्हणजे काहीच नाही. त्या दिवसापासून माझ्या आत वारा वाहतो. पुढे त्या दाण्यातही दोन जातीचे कण निघाले. मी चौकशी करणं सोडून दिलं.

एवढ्यावर भागायला हरकत नव्हती. पण वर्गात एक मुलगी उठली, आणि शाळेत एक तरी मुलगी उठतेच. तिनं विचारलं, “इलेक्ट्रॉन नुसता फिरत राहिला तर दमून मधे पडणार नाही का?” सरांनी वाडग्यात गोटी फिरवून दाखवली. गोटी घुमली, घुमली, आणि बुडाशी जाऊन टेकली. हिशेबानं अणू असाच डोळ्याचं पातं लवायच्या आत कोसळायला हवा होता. मग बाक नाही, शाळा नाही, आवडी नाही. तरी सगळं आहे, म्हणजे नमुना चुकला. तिसऱ्यांदा.

“मग?” ऊर्मीनं विचारलं. तिचा चमचा हातातच राहिला होता.

मग बांगड्या. सर घरी गेले आणि बायकोच्या, म्हणजे कनकाबाईंच्या डब्यातून बाळाची बांगडी, मुलीची बांगडी आणि खुद्द कनकाबाईंची पितळी बांगडी, अशा तीन काढून आणल्या. छर्ऱ्याभोवती लहान, तिच्याभोवती मधली, तिच्याभोवती मोठी. बांगडीत मणी ओवलेले. हा बोरचा नमुना. इलेक्ट्रॉननं ठरलेल्या वाटेवरच फिरायचं, मधल्या जागेत थांबायचं नाही, मग तो पडत नाही. आणि वरच्या वाटेवरून खालच्या वाटेवर उडी मारली की प्रकाश बाहेर पडतो. पोरं खूष झाली. खूष झाल्या नाहीत त्या कनकाबाई. शाळेच्या फाटकाशी येऊन त्यांनी सरांना विचारलं, “माझ्या हातचें काढून त्या गोळ्यास घालूलालांत? त्याचें लग्न की काय?” सर म्हणाले, “अगो, त्याचा जीव वाचविलास तूं.” बाईंनी हातातल्या रुमालानं माझ्यावरची धूळ झटकली. पुढे त्या घरी कुणी नवं आलं की कनकाबाई सांगत, माझी एक बांगडी अणूला आहे.

माझे सुखाचे दिवस तेच. शाळेच्या वार्षिकाच्या कव्हरावर माझं चित्र आलं. पाहुणा आला की मला उघडायचे, मणी फिरवायचे. जगात कुठेही अणू काढायचा झाला तर आजही लोक बांगड्याच काढतात, बघा. मला वाटलं, झालं. आता कुणी हात लावणार नाही.

तसंच झालं, आणि तेच वाईट झालं. सर निवृत्त झाले. मला कपाटात ठेवलं आणि कुणी हात लावला नाही. एका पालीनं माझ्यात अंडी घातली. बांगड्या काळ्या पडल्या. आठवीची पोरं मला वाडग्याचं झाकण समजली. करवतीला भिणारा मी, करवतीची वाट पाहू लागलो. चुकलास असं म्हणायला तरी कुणी यावं, असं वाटे.

आल्या त्या विज्ञानाच्या नव्या विद्युलता टीचर. त्यांनी मला उघडलं, पालीची टरफलं फुंकून काढली आणि हसल्या. “हेही चुकीचंच आहे,” त्या म्हणाल्या, “पण किती छान चुकलंय!” आणि घरून जुनी उशी आणून त्यांनी तिच्यातला सावरीचा कापूस माझ्यात ठासला. पहिली रांग अख्खा तास शिंकत होती. टीचर सांगत होत्या, इलेक्ट्रॉन रुळावरच्या गाडीसारखा फिरत नाही. तो नेमका कुठे आहे हे सांगताच येत नाही. इथे असण्याची शक्यता दाट, तिथे विरळ, एवढंच. कापूस दाट आहे तिथे दाट, विरळ तिथे विरळ. हा ढग. “आणि बांगड्या?” कुणी तरी विचारलं. टीचर म्हणाल्या, “आतच राहू देत. आपण कुठून आलो ते दिसायला हवं ना.” खळगे आहेत, करवतीची रेघ आहे, छर्रा आहे, बांगड्या आहेत, ढग आहे. मला उघडलं की सगळ्या चुका एकाखाली एक दिसतात. असा दुसरा अणू मद्रासेत नाही. बरं, मी तरी पाहिलेला नाही.

तेव्हापासून मी स्वस्थ नाही. मला हलवलं की कापसात मणी खुळखुळतात आणि कुठला मणी कुठे आहे ते माझं मलाच सांगता येत नाही. आताही खुळखुळतायत. ऐकू येतंय ना?

“कुणी तरी हलवूलालें त्याला,” श्रीवत्स म्हणाला.

वारा आहे. कपाटात येतो कधी कधी. आता सकाळचं ऐका पटकन.

प्रयोगशाळेत मोठा पडदा बसवायचा म्हणून जुनं मोडकं काढायला घेतलं. स्टोअरचे नवे सर भोपाळहून बदलून आलेले आहेत. माणूस वाईट नव्हे. परवा त्यांनी मोडक्या पायाच्या सांगाड्याला पट्टी बांधून ठेवून घेतलं. त्यांनी मला उचललं आणि पट्टी वाचली. “अणु? अच्छा।” मग मला फिरवून पाहिलं. मग टेबलाखाली वाकले. मग सांगाड्याच्या मागे पाहिलं. “अरे भई, इसका दूसरा गोला कहाँ गया?”

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं का? मराठीत मी अणू. तमिळमध्येही मी अणूच. पण हिंदीत मी परमाणू, आणि अणु म्हणजे आमच्यासारख्या दोघातिघांनी हात धरून केलेली मंडळी, ज्याला मराठीत रेणू म्हणतात. भोपाळच्या सरांना माझ्या जोडीला निदान आणखी एक गोळा हवा होता. त्यांनी तो मनापासून शोधला. मिळणार कुठून? जिन्याला गोळा एकच होता! शेवटी मला हातात तोलून म्हणाले, “आधा टूट गया बेचारा। निकाल दो।” विद्युलता टीचर असत्या तर एका वाक्यात सांगितलं असतं. पण टीचर आज दुसऱ्या शाळेत परीक्षेच्या कामावर.

चार वेळा मी चुकलो, तेव्हा प्रत्येक वेळी मला जवळ घेतलं, पोखरलं, सुधारलं, ठेवलं. आणि आज, पट्टीवरचा शब्द अगदी बरोबर असताना, मला... मला कपाटात ठेवलं. काचेच्या. टीचर धावत आल्या ना!

“आत्ताच म्हणालास टीचर दुसऱ्या शाळेत आहेत,” ऊर्मी म्हणाली.

तिथून धावत आल्या. तू फार प्रश्न विचारतेस. विचार, विचारत राहा. पण आत्ता ऐक.

उद्या बालाजीराव येतील. दारातूनच विचारतात, “माझा अणू कुठें?” आता त्यांची नजर मंद झाली आहे, चिंचोक्याचा नेम चुकतो. पण टण्ण झालं की चेहरा अजून तसाच उजळतो. उद्या ते विचारतील, आणि मी कपाटातून म्हणेन, हा काय, इथेच आहे.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं. एखादी वस्तू चुकीची आहे असं कुणी सांगितलं तर आधी ती उघडून पाहा. चूक असेल तर दुरुस्त करा, गिरमिट चालवा, करवतसुद्धा चालवा. लाकडाला दुखतं, पण लाकूड राहतं. फक्त न उघडता टाकू नका. ज्यानं चुकत चुकत तुम्हाला इथवर आणलं त्याला जवळ ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी चुकलात तर फार एकटं वाटणार नाही. आणि माझ्यानंतरही कुणी येईल. ढगही उद्या चुकीचा निघेल. निघू द्या. मला आत आणखी थोडी जागा आहे.

आता मी खरंच मजेत आहे. काचेतून ऊन येतं आहे. कांद्यांचा वास येतो तो... प्रयोगाचा आहे. आणि मला असं अलगद वर उचलल्यासारखं वाटतं ते मानामुळे.

“पाप्पा, कोंजम तळ्ळुम्मा,” बाहेरून एक घोगरा आवाज आला. जरा सरक, पोरी. तो रंगा. कायलान कडैचा, म्हणजे भंगाराच्या दुकानाचा. त्याचं इथे काही काम नाही, मित्रांनो. तो सहज आलाय, प्रदर्शन बघायला, एक दिवस आधी. वजनाच्या काट्याचा हूक कशात तरी अडकल्यासारखा वाटतो, पण मी पहिल्या फळीवर आहे, काचेच्या कपाटात, अगदी—

“खोटं!” ऊर्मी इतक्या मोठ्यानं ओरडली की रंगाच्या हातातला काटा अर्ध्यावर थांबला. “कपाट कुठलं? पोत्यात आहेस तू, कांद्याच्या! श्रीवत्सा, डबा ठेव खाली आणि तिकडून दोरी सोड. रंगाअण्णा, इरुंगो, थांबा, हा मोडलेला नाहीये. हा एकटाच असतो.”